उंबऱ्याबाहेरचा मीरासाब

कोल्हापुरात माणूस ओळखला जातो तो तालमीवरनं, नाहीतर त्याच्या आजोबानं कुणाला चोपलं होतं त्यावरनं. मीरासाब पिंजारी ओळखला जायचा आवाजावरनं. ट्यांव, ट्यांव, धुप्प. गंगावेशीच्या आतल्या गल्लीत, म्हशी नदीला जायच्या वाटेवर, हा आवाज सुरू झाला की बायका म्हणायच्या, "उठला बघा मीरासाब." माणसापेक्षा उंच, धनुष्यासारखी लाकडी पिंजण, तिला ताणून बसवलेली आतड्याची तात, तातीवर लाकडी दस्त्याचा टोला. टोल्यासरशी दबून दगड झालेला जुना कापूस दूध उतू यावं तसा वर यायचा.

मीरासाब स्वतः हाडकुळा. पिंजण भिंतीला टेकवून शेजारी उभा राहिला की यातलं वाजवायचं कुणाला आणि वाजवायचं कुणी, असा प्रश्न पडावा. भुवयांत, मिशीत, कानावरच्या केसांत बारमाही कापूस. तिशीतच तो साठीचा दिसायचा आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. "लगीन झालंय की माझं," म्हणायचा. "आता रंग कुणाला दावायचाय?"

ज्या बाईशी लगीन झालं होतं ती मेहरुन्निसा, गडहिंग्लजकडची. बुटकी, चटपटीत, बोलण्यात मधूनच कानडी हेल. नवराबायको घरात दख्खनीत बोलायची, पण गल्लीला ऐकू गेलं पाहिजे असं काही असलं की मेहरुन्निसा मराठीवर यायची. घर म्हणजे एक खोली, पुढं सोपा, सोप्याला दगडी उंबरा आणि मागं हातभर परडं. सोप्यात मीरासाब पिंजायचा, खोलीत मेहरुन्निसा झाडायची. सकाळी झाडलेलं दुपारी पांढरं व्हायचं. "आमच्यात बारा महिने बर्फ पडतंय," असं ती पाहुण्यांना सांगायची. काश्मीर तिनं कॅलेंडरवर पाहिलं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दर्गे झाले, ताईत झाले, शेजारच्या बाळाबाईनं सांगितलेल्या कडू मुळ्या झाल्या. मग त्रेसष्टच्या पावसाळ्यात मुलगा झाला आणि मीरासाबनं त्याचं नाव ठेवलं सिकंदर. एवढ्याशा गाठोड्याला एवढं मोठं नाव कशाला, असं गल्लीनं विचारलंच.

"गादीची खोळ मोठी शिवली तर कापूस जादा मावतोय का न्हाय?" मीरासाब म्हणाला. "तसंच नावाचं हाय. पोरगं मापात वाढतंय."

दिवाळी झाली की पिंजाऱ्यांचा हंगाम. थंडीच्या तोंडाला गावोगाव गाद्या-रजया उसवायच्या, पिंजायच्या, पुन्हा भरायच्या. मीरासाब चंदगडच्या बाजूला गेला तेव्हा पोरगं नुसतं दूध आणि झोप करत होतं. परत आला तेव्हा ते माणसांकडं बघून हसायला लागलं होतं. मीरासाबचं नाक मात्र नळासारखं गळत होतं. येताना अख्खी एस्टी शिंकत होती म्हणे.

"आधी आंघोळ," मेहरुन्निसानं दारातच आडवा हात धरला. "कापूस घिऊन पोराजवळ जायचं न्हाय."

त्यानं परड्यात घासूनघासून आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, कापसाचा एक कण अंगावर ठेवला नाही. नाक गळतच होतं. पण ते काय, मर्दाचं पडसं. दोन दिवसांचं पावणं. मग त्यानं पोराला जे उचललं ते झोपेपर्यंत खाली ठेवलं नाही. छातीवर घेतलं, पोटावर घेतलं, तोंडाजवळ तोंड नेऊन ट्यांव ट्यांव केलं. पोरानं बापाचं नाकच तोंडात धरलं आणि दूध मिळेल या आशेनं चोखायला लागलं. मीरासाब हसून हसून लोळायचा बाकी.

"बघ की, बघ की गं! नाक खातंय माझं!"

"खाऊ द्या," मेहरुन्निसा म्हणाली. "तसं बी तुमच्या नाकाचा दुसरा काय उपेग हाय?"

ती संध्याकाळ मेहरुन्निसाला पुढं जन्मभर लख्ख आठवत राहिली. आधी कितीतरी वर्षं ती चांगली म्हणून आठवायची.

चार-पाच दिवसांनी पोराला सर्दी झाली. सर्दी कुणाला होत नाही? त्या थंडीत निम्मी गल्ली शेंबडी होती. पण पोराची सर्दी नाकात राहिली नाही, खाली उतरली. ते दूध ओढेना. दोन घोट घेतले की सोडून द्यायचं आणि दम खायचं. पोट भात्यासारखं उडायला लागलं, श्वासागणिक बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले आणि छातीतनं बारीक शीळ ऐकू यायला लागली, जशी बंद खिडकीच्या फटीतनं वाऱ्याची येते.

बाळाबाईनं एकदा बघितलं आणि सांगून टाकलं, "डबा झालाय पोराला."

पोराचं पोट उडायला लागलं की त्याला डबा म्हणायचं आणि डब्यावर उपाय डाग, हे गल्लीत ठरलेलं होतं. बाळाबाई स्वतः त्यातली वाकबगार. नवरा लवकर गेलेला, स्वतःचं मूलबाळ नाही, पण गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या पोटावर तिची सही होती. तिनं हळकुंड दिव्यावर तापवलं आणि पोराच्या पोटावर दोन्ही बाजूंना टेकवलं. पोरगं ओरडलं सुद्धा नाही. ओरडायला श्वास लागतो. नुसतं तोंड वासलं. मेहरुन्निसा भिंतीकडं तोंड करून बसली होती. आवाज आला नाही म्हणून तिला वाटलं संपलं, आणि ती पडलीच.

संपलं नव्हतं. चार दिवस पोरगं काठावर राहिलं आणि मग हळूहळू माघारी आलं. त्याला दवाखान्यात इंजेक्शनंही दिली होती, दर्ग्यातला दोराही बांधला होता आणि डागही दिले होते, त्यामुळं श्रेय कुणाला यावर गल्लीत नंतर बरीच चर्चा झाली. ती बाळाबाईनं जिंकली. तिचा आवाज मोठा होता.

माघारी येताना पोरानं खोकून एक गुठळी बाहेर टाकली. पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी लांब. बाळाबाईनं ती बोटावर घेतली, उजेडात धरली आणि मीरासाबपुढं केली.

"ह्यो बघ. ह्यो काय हाय?"

मीरासाब बघत राहिला.

"तू सांग. तुझा धंदा हाय न्हवं? काय हाय ह्यो?"

मीरासाबनं ते दोन बोटांच्या चिमटीत घेतलं. कापसाचा धागा किती लांब आहे हे बघायला पिंजारी जसं दोन्ही हातांनी हलकेच ओढून बघतात, तसं ओढून बघितलं. ते ताणलं गेलं, बारीक झालं, तुटलं.

"कापूस," तो म्हणाला.

गिरणीचा कापूस कुठला, शेतावरचा कुठला, गादी किती वर्षं अंगाखाली गेली आहे, हे नुसत्या बोटांनी सांगणारा माणूस. पोटच्या पोराच्या बाबतीत त्याला कापूस आणि शेंबूड यातला फरक कळला नाही. भ्यालेल्या माणसाची बोटं खोटं बोलतात, त्याला इलाज नाही.

त्या दिवसापासून सोप्यातला आवाज बंद झाला. तालमीच्या मागं एक पत्र्याची शेड होती, मीरासाबनं पिंजण, दस्ता, पोती सगळं तिकडं हलवलं. सोपा मेहरुन्निसानं शेणानं सारवून घेतला. खोलीतल्या गाद्या, उश्या, रजया विकून टाकल्या. अख्ख्या गंगावेशीला गादीवर निजवणाऱ्या माणसाचं पोरगं त्यानंतर चटईवर झोपलं, आणि बापानं त्याला परत उचलून घेतलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. सिकंदर वर्षाचा झाला आणि त्याला दम लागायला लागला. थंडी पडली की, ढग आले की, नुसतं नाक गळलं की तिसऱ्या दिवशी ती फटीतली शीळ. पोरगं पुढं वाकून, दोन्ही हात जमिनीला टेकून बसायचं, खांदे कानाला लागायचे. मेहरुन्निसा त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची. टेका मिळाला की त्याला बरं वाटायचं. गरम पाणी, अडुळसा, डॉक्टरच्या पांढऱ्या गोळ्या, ज्यांनी दम कमी व्हायचा आणि हात कापायचे.

मीरासाबनं हिशेब असा मांडला: कापूस घरातनं गेला, तरी दम आहे. म्हणजे कापूस अजून घरात येतोय. कशावरनं येतोय? माझ्यावरनं.

मग तो शेडमध्येच झोपायला लागला. घरी यायचा तो नळावर आंघोळ करून, आणि यायचा तो उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, गटाराकडं पाय सोडून बसायचा. मेहरुन्निसा भाकरी तिथंच आणून द्यायची. सिकंदर सोप्याच्या पार आतल्या भिंतीला. मधे सारवलेली जमीन.

"अब्बाकडं जायाचं न्हाय," हे सिकंदर बोलायच्या आधी शिकला. "अब्बाच्या अंगावर कापूस हाय." आपण शेजारच्या पोराला विहिरीजवळ जाऊ नको म्हणतो, त्या आवाजात मेहरुन्निसा हे सांगायची. सांगताना नवऱ्याकडं बघायची नाही.

मग बापलेकांनी आपापल्या परीनं वाट काढली. मीरासाब उंबऱ्यावरनं फेकायचा आणि सिकंदर झेलायचा. आधी चिंधीचा चेंडू. मग पेरू, केळं, शेंगांची पुडी, ईदला नव्या टोपीची घडी. पोरगं एका हातानं झेलायला शिकलं, डोळे मिटून झेलायला शिकलं. तालमीतला आकाराम म्हणायचा, "मीरासाबचाचा, ह्येला क्रिकेटात घालू या." मीरासाब म्हणायचा, "घाल की. पळायला दुसरा कोण तरी दे त्येला." हसायचे दोघं. सिकंदरही आतनं हसायचा, बेतानं, कारण जास्त हसलं की शीळ यायची.

दम लागला की मात्र खेळ बंद. मीरासाब उंबऱ्यावर उठून उभा राहायचा. आत यायचा नाही आणि जायचाही नाही. एक पाय उचलायचा, ठेवायचा. "थांबला का गं?" विचारायचा. "न्हाय अजून." परत थोड्या वेळानं, "आता?" मेहरुन्निसा चिडायची. "तिथनं इचारून थांबतोय व्हय? जावा की शेडात!" तो जायचा. तालमीपर्यंत जाऊन परत यायचा.

एकदा बाळाबाईच तिला बोलली, "मेहरून, नवऱ्याला लईच लांब ठिवलंस गं."

"म्या ठिवलं?"

"मग?"

मेहरुन्निसा झाडलेला सोपा परत झाडायला लागली.

धंदा बदलता आला असता का? लोकांनी विचारलं. मीरासाबनं एक हंगाम भाजी विकून बघितली. त्याला ओरडता येईना. सगळं आयुष्य तात ओरडत आली होती, त्याचा स्वतःचा गळा कधी लागलाच नव्हता. वांगी घेऊन तो गल्लीगल्लीतनं मुकाट्यानं हिंडायचा आणि संध्याकाळी तीच वांगी घरी यायची. शेवटी मेहरुन्निसाच म्हणाली, "पिंजा जावा. वांग्याचा वास बी न्हाय सोसत आता."

सिकंदर वाढला. नाव मोठं, खोळ मोठी, आत कापूस बेताचा. शाळा निम्मी दम्यानं खाल्ली, तरी दहावी झाला आणि महाद्वार रोडला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं बसायला लागला. बसून करायचं काम, हलका हात लागणारं. तिथं डॉक्टर हेर्लेकरांचं घड्याळ आलं. डॉक्टर राजारामपुरीत नवे आले होते. घड्याळ घ्यायला आले तेव्हा दुकानात त्यांनी घड्याळाची टिकटिक ऐकायच्या ऐवजी पोराची छातीच ऐकली आणि म्हणाले, "दवाखान्यात ये. आणि येताना आईवडलांना घेऊन ये. लहानपणचं मला विचारायचंय."

अशी ऐंशी साली, सिकंदर सतरा वर्षांचा असताना, ती तिघं एकत्र बाहेर पडली. एकत्र म्हणजे सिकंदर आणि मेहरुन्निसा पुढं, आणि मीरासाब मागं, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं.

दवाखान्यातही तो दाराबाहेर थांबला.

"आत या," डॉक्टर म्हणाले.

"नगो साहेब. अंगाला कापूस असतोय."

"असू दे. या."

मीरासाब आत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. डॉक्टर विचारत होते, मेहरुन्निसा सांगत होती. सर्दी, दूध न ओढणं, उडणारं पोट, डाग. डॉक्टरांनी सिकंदरचा सदरा वर करून ते दोन जुने वण बघितले आणि सदरा परत खाली केला. मग पांढऱ्या गुठळीचं निघालं.

"कापूस नव्हता तो," डॉक्टर म्हणाले. "कफ. शेंबूड म्हणा. तान्ह्या पोराच्या छातीत सूज आली की असाच दोरीसारखा येतो."

"म्या स्वता बघितला, साहेब," मीरासाब दारातनं म्हणाला. "धागा ओढून बघितला."

"चाचा, पोराच्या छातीत कापूस धरत नाही. हे बघा." डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडं वळवली. "साधी सर्दी असते. तिचा विषाणू, म्हणजे डोळ्याला न दिसणारा जंतू. तुम्हाआम्हाला झाला तर दोन दिवस नाक गळतं, तिसऱ्या दिवशी विसरतो आपण. तोच तान्ह्या पोराच्या छातीत उतरला की बारीक नळ्या सुजतात, श्वास अडतो. तुम्ही ज्याला डबा म्हणता ना, त्यातले बरेच डबे हेच. पोर त्यातनं उठतं. पण अशा पोरांतल्या पुष्कळांना पुढं दमा लागतो. सगळ्यांना नाही."

"का?" हे सिकंदरनं विचारलं.

"ते अजून आम्हालाही नीट ठाऊक नाही. त्या सर्दीनं छाती कायमची नाजूक झाली, का छाती जन्मतःच नाजूक होती म्हणून सर्दी खाली उतरली, यावर मोठमोठे डॉक्टर भांडतायत. धुळीनं त्रास वाढतो, कापसाच्याही. त्याच्यासमोर पिंजू नका. पण दमा कापसानं लावलेला नाही. आणि आंघोळ करून, कपडे बदलून जवळ बसलात तर काही होत नाही. खुशाल बसा."

मेहरुन्निसानं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर काहीतरी उमलायला लागलं होतं, कैक वर्षांत तिनं न पाहिलेलं. सतरा वर्षं चुकीची गेली, याचं दुःख अजून त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आधी नुसतं एवढंच पोचलं होतं, की कापूस नव्हता. मी नव्हतो.

डॉक्टर कागदावर गोळ्यांची नावं लिहीत होते. लिहितालिहिता, मान वर न करता, विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तेव्हा घरात कुणाला सर्दी झाली होती का?"

मेहरुन्निसाला ती संध्याकाळ आठवली. ती आठवत असतानाच तिनं बघितलं, की त्यालाही आठवली. तोंडावरचं ते जे काही होतं ते तसंच थांबलं. त्याचा हात आपसूक नाकाकडं गेला. तोंड उघडलं.

"मला," मेहरुन्निसा म्हणाली. "मलाच झालती. लई गळत हुतं नाक."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद फाडून सिकंदरच्या हातात दिला. "मनाला लावून घेऊ नका. सर्दी कुणाला चुकली आहे?"

सिकंदर औषधाच्या दुकानात गेला. दोघं झाडाखाली थांबली. मीरासाब चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता.

"तुला सर्दी नव्हती," तो म्हणाला.

"व्हती."

"नव्हती, मेहरून. मला व्हती. त्यानं माझं नाक..."

"बाळंतिणीला सर्दी हाय का न्हाय ते तुमाला काय ठावं? दोन म्हैनं चंदगडला हुतासा." तिनं आवाज चढवला. रस्त्यानं जाणाऱ्या बाईनं वळून बघितलं. "आल्यावर एक दिस पोरगं घेतलंसा आणि मला शिकवतासा?"

"एकच दिस घेतलं," मीरासाब म्हणाला.

मेहरुन्निसा औषधाच्या दुकानाकडं चालायला लागली.

पुढच्या शुक्रवारी मीरासाबनं दोनदा आंघोळ केली. नवा सदरा घातला, घडीचे वळ दिसत होते. डोक्याला तेल लावून भुवयासुद्धा विंचरल्या. आला, उंबऱ्याशी थांबला, आणि सवयीनं बसायला वाकलेला परत सरळ झाला.

"या की आत," मेहरुन्निसा म्हणाली.

सिकंदर आतल्या भिंतीला चटईवर बसून एका घड्याळाचं झाकण पुसत होता. मीरासाब सोपा ओलांडून आला. परक्याच्या घरात यावं तसा, पाय जपून ठेवत. पोराच्या शेजारी बसला. हात उचलला, तो कुठं ठेवायचा ते त्याला कळेना. तान्ह्या पोराला कसं धरतात तेवढंच त्याला येत होतं आणि शेजारी मिसरूड फुटलेला माणूस बसला होता. शेवटी त्यानं हात पाठीवर ठेवला.

सिकंदर हलला नाही. घड्याळ पुसायचं थांबलं. मेहरुन्निसानं त्याचे खांदे बघितले. ते हळूहळू वर चालले होते, कानाकडं. मग ती शीळ. आधी बारीक, मग सगळ्यांना ऐकू येईल अशी.

"कापूस न्हाय रं," मीरासाब घाईघाईनं म्हणाला. "दोनदा आंघोळ केलीया. बघ, नवा सदरा हाय."

"मला ठावं हाय... अब्बा," सिकंदर श्वासाश्वासाच्या मधनं म्हणाला. "ठावं हाय. बसा... तुमी बसा."

डोक्याला ठाऊक होतं. छातीला कुणी सांगितलं नव्हतं. बोलता येण्याआधीपासून ती छाती शिकली होती की हा माणूस जवळ आला म्हणजे श्वास जाणार, आणि शिकलेलं ती विसरायला तयार नव्हती. पोरगं बसा म्हणत होतं आणि पुढं वाकत होतं. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, ते दम्याचं का कशाचं ते सांगता येत नव्हतं.

मीरासाब उठला. मेहरुन्निसा "थांबा" म्हणेपर्यंत सोपा ओलांडून उंबऱ्याबाहेर पोचला होता. ती सिकंदरच्या पाठीला पाठ लावून बसली. बऱ्याच वेळानं बाहेरनं आवाज आला.

"थांबला का गं?"

यावेळी ती चिडली नाही. "थांबाय लागलाय," म्हणाली.

नंतर आणखी दोनदा त्यांनी प्रयत्न केला. मग केला नाही. डॉक्टर हेर्लेकर म्हणाले, भीतीनंही दम लागतो, हळूहळू जाईल. हळूहळूला वेळ लागतो. सिकंदरनं मधला मार्ग काढला, चटई अर्ध्या सोप्यापर्यंत पुढं ओढली. मीरासाब उंबऱ्यावर आतल्या अंगाला तोंड करून बसायला लागला. गटाराकडं पाठ. एवढी प्रगती झाली. चेंडू फेकायचं दोघांचंही वय राहिलं नव्हतं, पण मीरासाब विड्यांचा कट्टा काढून म्हणायचा, "काडीपेटी," आणि सिकंदर न बघता ती फेकायचा. डॉक्टरांनी विडी बंद करायला सांगितली, तेव्हा मीरासाब नुसतीच काडीपेटी मागायला लागला.

विडी सुटली तरी खोकला सुटला नाही. सगळ्या गंगावेशीच्या गाद्या त्याच्या छातीत जमा होत गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कापूस खरा कुणाच्या छातीत असेल तर ह्यांच्या. इकडं लक्ष्मीपुरीत पिंजायचं मशीन आलं. त्याला तात लागत नव्हती, दस्ता लागत नव्हता, मीरासाबही लागत नव्हता. तरी चार जुनी गिऱ्हाइकं धरून तो शेडमध्ये पिंजत राहिला. शहाऐंशीच्या थंडीत तो गेला. शेडमध्येच गेला. सकाळी ट्यांव ट्यांव झालं नाही म्हणून गल्लीला कळलं.

मयत घरी आणली. उंबरा ओलांडून आणली, सोपा ओलांडून आणली, आणि परड्यात चादरींचा आडोसा करून फळीवर ठेवली. शेवटची आंघोळ पुरुषांनी घालायची. मीरासाबचा चुलत भाऊ निसार, तोही पिंजारीच, बाह्या सारून पुढं झाला आणि सिकंदरला म्हणाला, "तू लांब ऱ्हा बाबा. नाकाकानात कापूस घालावा लागतोय. थंडी बी हाय. मी बघतो सगळं."

"न्हाय," सिकंदर म्हणाला. "मी घालणार."

मेहरुन्निसा बायकांच्यात बसली होती, पण तिचे कान आडोशाच्या पलीकडं होते. पोराचा श्वास ऐकायची तिला तेवीस वर्षांची सवय होती. गर्दीत, झोपेत, पावसाच्या आवाजात तिला तो वेगळा काढता यायचा. ती शिळेची वाट बघत होती. तांब्या बादलीला लागल्याचा आवाज आला. पाणी पडल्याचा आला. निसारचा आवाज, "मान धर. अलगद." परत पाणी. बायका काहीबाही बोलत होत्या, ती हातानं त्यांना गप्प करत होती.

आडोशाआड काय झालं ते निसारनं तिला नंतर सांगितलं. सिकंदरनं बापाचे हात धुतले, छाती धुतली, पाठीखाली हात घालून त्याला स्वतःच्या छातीशी उचलून धरलं आणि पाठ धुतली. भुवयांत अडकलेला कापूस नखानं एकेक करून काढला. मग निसारनं शेडमधनं आणलेला कापूस पुढं केला, मीरासाबच्याच हातचा, शेवटचा पिंजलेला. सिकंदरनं त्यातला थोडा चिमटीत घेतला आणि दोन्ही हातांनी हलकेच ओढून बघितला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आंघोळीआधी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बाप गिऱ्हाइकांचा कापूस बघायचा, ते सोप्यातनं लांबनं बघितलं असेल तेवढंच. मग त्यावर अत्तर लावून तो बापाच्या कानात आणि नाकात घातला. नाकाशी हात जरा जास्त वेळ राहिला, असं निसार म्हणाला.

शीळ आली नाही. मेहरुन्निसा शेवटपर्यंत ऐकत होती. नुसतं पाणी.

मयत उचलली, माणसं गेली. बाळाबाई, आता पार वाकलेली, दोन पोरींच्या आधारानं आली आणि मेहरुन्निसाच्या गळ्यात पडली.

"म्या तवाच सांगितलं हुतं गं," ती रडत म्हणाली. "कापूस वाईट. पोराला धरलं, आता त्येलाबी खाल्लं. सांगितलं हुतं का न्हाय?"

दफन करून सिकंदर तेवढ्यात परत आला होता. दारात चपला काढता काढता त्यानं ते ऐकलं.

"बाळाआज्जी," तो म्हणाला, "कापूस न्हवता त्यो. डाक्टर म्हणाल्यालं, सर्दीनं..."

मेहरुन्निसानं त्याच्याकडं बघितलं. सर्दी म्हटलं की बाळाबाई विचारणार, कुणाची. ती विचारल्याशिवाय राहणारी बाई नव्हती, आणि चंदगडहून गळत आलेलं नाक तिला आठवल्याशिवाय राहणार नव्हतं.

"कापूसच हुता, बाळाबाई," मेहरुन्निसा म्हणाली. "तुमचंच बराबर हुतं."

सिकंदर आईकडं बघत राहिला. मग आत यायच्याऐवजी तो उंबऱ्यावर बसला, बाहेरच्या अंगाला, गटाराकडं पाय सोडून.